भ्रंशापलीकडची शीर

४ फेब्रुवारी

दादा,

फोन करत नाही, कारण फोनवर तू 'हं' म्हणतोस. मला दगड वाचायला शिकवलं गेलं, 'हं' वाचायला नाही. म्हणून पत्र. हातानं लिहून, फोटो काढून वहिनीच्या फोनवर पाठवणार आहे. ती ते तुझ्या डोळ्यांसमोर धरेल, आणि वहिनीनं समोर धरलेली गोष्ट न वाचण्याइतका शूर तू कधीच नव्हतास. शिवाय पत्रात तुला मधे बोलता येत नाही. एवढ्या वर्षांत प्रथमच माझं वाक्य पुरं होतंय, बघ.

बातमी अशी की आपल्या खाणीला एक बोअर मंजूर झालंय. एकच. तांब्याचा भाव चढला, तसं शहरातल्या ऑफिसात कुणालातरी आठवलं की एका डोंगरात आपलंही छोटंसं भोक आहे, त्यातून पूर्वी तांबं निघायचं, वर चिमूटभर सोनं आणि मूठभर चांदी. मंजुरी घेऊन नवा मॅनेजर आला. त्याला सगळी खाण 'इस्त्री' म्हणते. बोगद्यात जाऊन आला तरी शर्टाची घडी मोडत नाही. खरंच आत जातो, की तोंडाशी उभा राहून परत येतो, यावर अजून एकमत नाही.

बोअर कुठं घ्यायचं ते मी ठरवायचंय. खाणीची भूशास्त्रज्ञ आता मीच. नकाशे सांभाळणारी मीच, आणि पंप बंद पडला की आरडाओरडा करणारीही मीच. तर ते ठरवणं मी बाबांवर सोपवलंय. चौथ्या मजल्याच्या खाली, भ्रंशाच्या पलीकडे. हो, तिथंच.

तुला हे तोंडपाठ आहे. तरी एकदा लिहून बघते, राग न येता जमतं का. आपली शीर डोंगराच्या पोटात तिरपी उतरते आणि आपले मजले वरून खाली मोजतात. पहिल्या मजल्यावर ती हिरवी, गंजकी, मुरलेल्या पाण्यानं खाल्लेली. दुसऱ्यावर ऐन भरात: पांढरी गारगोटी, तिच्यात मोरपिशी झाक मारणारं तांबं, आणि सोनं इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही, फक्त भट्टीत कबूल होतं. तिसऱ्यावर जरा रोडावलेली. आणि चौथ्यावर सुरीनं कापावी तशी खलास. हातभर जाडीचा चिकणमातीचा पट्टा, तोच भ्रंश, आणि त्यापलीकडे करडा, ढिम्म दगड. बाबा म्हणाले, डोंगर इथं तुटलाय, पलीकडची बाजू खाली घसरलीय, शीर तिच्याबरोबर गेलीय. खाली शोधा, सापडेल. तू म्हणालास, शीर मातीच्या आधीच मरत आलीय. भ्रंशानं कापलं ते नुसतं शेपूट. पलीकडे काही नाही.

म्हणालास ते म्हणालास, पण भरल्या मीटिंगमध्ये म्हणालास. कंपनीनं बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ म्हणजे मुलगा, समोर आयुष्यभर ती एकच खाण वाचलेला बाप, मधे बिस्किटांची बशी. बाबांनी बशी तुझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "घ्या, साहेब." जन्मात ज्यानं तुला अरे-तुरेशिवाय हाक मारली नाही, त्याचं ते 'घ्या'. तू त्या दिवशी घरी जेवायलाही आला नाहीस. कंपनीनं तुझं ऐकलं, चौथा मजला बंद केला. तुम्ही दोघांनी बोलणं बंद केलंत, त्याला मात्र कुणाची मंजुरी लागली नाही. आई होती तोवर ती तुमच्यामधे दुभाष्याचं काम करायची. माझ्याकडून ते झालं नाही. मी भाषांतरात मीठ-मिरची घालते.

राग न येता जमलं नाही, दिसतंयच.

तर निरोप असा आहे. काल बाबा म्हणाले, "त्याला बोलव. बोअरमधून दगडाची कांडी, ते कोअर, बाहेर निघताना त्यानं माझ्या शेजारी उभं राहावं. शीर निघाली तरी बघेल, नाही निघाली तरी बघेल. पण शेजारी."

मी विचारलं, "आणि बोलायचं काय त्याच्याशी?"

"ते माझं मी बघतो. तू फक्त बोलव."

बोलावते आहे. बाबांना थोडा खोकला आहे. वयाचा. बाकी सगळं ठीक.

खडी

(बाबा अजून मला याच नावानं हाक मारतात. बुटात गेलेली खडी, म्हणे. पन्नाशीच्या बाईला. मॅनेजरसमोर.)


२७ फेब्रुवारी

दादा,

तुझा ईमेल मिळाला. तीन ओळी. दोन बोअरच्या कोनाबद्दल, एक 'काळजी घ्या'. काळजी कुणी, कुणाची आणि किती अंशांच्या कोनात घ्यायची, तेवढं लिहायचं राहिलं.

तरी वाचून दाखवला. कोनाचं बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "बरोबर सांगतोय. मी घेत होतो तो जरा सपाट होता." तुझा कोन घेतलाय. हे तुला कळावं असं त्यांना वाटत नसणार, म्हणूनच कळवते.

मग विचारलं, "यायचं काय म्हणतो?"

मी म्हटलं, "सुट्टी बघतोय."

ईमेलमध्ये असलं काही नव्हतं हे तुला माहीत आहेच. आता निदान सुट्टी बघ, म्हणजे माझी थाप खरी होईल.

परवा बाबांना घेऊन वर गेलो. जीप सपाटीपर्यंत जाते, पुढं ड्रिलवाल्यानं आणि त्याच्या माणसांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. ड्रिलवाल्याला इथं 'भोंगा' म्हणतात. मशीन बंद असलं तरी तो मशीन चालू असल्यासारखाच बोलतो, त्यामुळे डोंगरात कुणाचं काही गुपित राहत नाही. "बाबा," तो ओरडला, "तुम्ही फक्त बोट दाखवा, मी खुपसतो!"

"अरे, हळू," बाबा म्हणाले. "डोंगर झोपलाय."

"उठवायलाच आलोय ना आपण!"

इस्त्री छत्री घेऊन उभा होता. ऊन पडलं होतं. त्यानं विचारलं, "सर, साधारण किती टक्के खात्री आहे?" बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं लग्नमांडवात नवऱ्या मुलाला हाच प्रश्न केला होता. म्हणाले, "साहेब, टक्के तुमच्याकडे. आमच्याकडे फक्त दगड."

बोट दाखवायच्या आधी त्यांनी खुर्ची कड्याशी न्यायला लावली, जिथं भ्रंशाची भिंत उघडी पडलीय. लहानपणी आपल्या दोघांचे हात धरून त्या भिंतीवर फिरवायचे, आठवतं? दोन डोंगर एकमेकांवर घासून झालेली ती तुकतुकीत भिंत. ज्या बाजूला हात सुळकन जातो, त्या बाजूला पलीकडचा डोंगर गेला. उलट फिरवला की बारीक पायऱ्या तळव्याला लागतात. बाबांनी हात फिरवला, खालच्या दिशेनं, एकदा, दोनदा, मग बराच वेळ. धाप लागली तरी फिरवत राहिले. बरोबर ऑक्सिजनचा सिलिंडर नेला होता. नुसता खबरदारी म्हणून.

तुझ्या बाबतीत मीही मनातल्या मनात हात फिरवून बघते. कुठल्याही दिशेला खरखरीतच लागतं.

मग त्यांनी बोट दाखवलं आणि भोंग्यानं तिथं लाल रंगाचा फराटा ओढला. खाली येताना बाबा म्हणाले, "थोरल्याला सांग, महिनाभर तरी लागेल. घाई करू नकोस म्हणावं. पण उशीरही करू नकोस म्हणावं."

निरोप जसाच्या तसा दिलाय. मीठ-मिरची नाही.

खडी


१९ मार्च

दादा,

वहिनीचं पत्र आलं. ती म्हणते, तू आपल्या खाणीचा जुना नकाशा काढून जेवणाच्या टेबलावर पसरलायस, आणि घरातली माणसं आठवडाभर ताटं मांडीवर घेऊन जेवताहेत. "तुमच्या घराण्यात नकाशाला जेवढा मान आहे, तेवढा माणसाला मिळाला तर मी साखर वाटेन," असं तिनं लिहिलंय. ही बाई मला फार आवडते. तुझ्यापेक्षा किंचित जास्त.

आता नकाशा आवर आणि निघ. माती आलीय.

काल संध्याकाळी भोंगा चिखलाच्या बुटांनी थेट बाबांच्या खोलीत शिरला. हातात वर्तमानपत्राच्या कागदावर मुठीएवढा चिखलाचा गोळा. "बाबा! माती! तुम्ही सांगितलं त्याच्यापासून वीतभर सुद्धा चुकली नाही!" बाबांनी ती बोटांत घेतली, चोळली, चिमूटभर दातांखाली धरून बघितली. तुला ठाऊक आहे, माती चावून बघितल्याशिवाय त्यांचा मातीवर विश्वास बसत नाही. "तीच," म्हणाले. "तीच बया." आणि हसले, आणि मग खोकल्यानं बराच वेळ बोलता आलं नाही.

हा भ्रंश, दादा. आता याच्या पलीकडे जे असेल ते. मशीन दोन दिवस दुरुस्तीला थांबवलंय. खरं तर दुरुस्ती एका दिवसाची आहे. भोंग्याला मी म्हटलं, दोन सांग. तो इस्त्रीला दोन सांगून आला, आणि इतक्या मोठ्यानं की ते खोटं असेल अशी शंकाही कुणाला आली नाही.

खोकल्याबद्दल. मी 'थोडा' लिहिलं होतं. थोडा नाही. वयाचाही नाही. गारगोटीची धूळ आहे, इतक्या वर्षांची, फुप्फुसात बसलेली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीला लावून दाखवला. काळ्यावर पांढरे ठिपके, मला तर तो आपल्याच खाणीचा नकाशा वाटला. बाबा त्यांना म्हणाले, "बाई, इथं एक बोअर घ्या. माझ्याइतकं सोनं तुमच्या अख्ख्या दवाखान्यात निघायचं नाही." बाई हसल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "मुलाला बोलावून घ्या." मी म्हटलं, "त्याचंच चाललंय." त्या म्हणाल्या, "चाललंय नको. बोलावून घ्या."

सिलिंडर आता खबरदारीचा नाही. तो रात्रंदिवस पलंगाशी असतो आणि बाबा त्याला 'जावई' म्हणतात. मी लग्न केलं नाही त्याचा सूड.

बोलताना ते आता वाक्याच्या मधे थांबतात. आधी मला वाटायचं, विचार करताहेत.

मी तुला हरायला ये म्हणत नाही. जिंकायला ये असंही म्हणत नाही. तू बरोबर निघालास तर तोंड बंद ठेव, चूक निघालास तर खाली मान घाल, दोन्ही तुला जमणार नाही हे मला माहीत आहे. तरीही ये. शेजारी उभं राहायचंय फक्त.

खडी


२ एप्रिल

दादा,

लागली.

मातीच्या पलीकडे, बाबा म्हणाले तिथंच. पांढरी गारगोटी, तिच्यात मोरपिशी तांबं. बाबांनी तुकडा हातात घेऊन बघितला.

ये.

खडी


८ एप्रिल

दादा,

तिकिटाचा फोटो वहिनीनं पाठवला. मी तो मोठा करून बाबांना दाखवला. त्यांनी तारीख वाचली, मग विमानाचा नंबर, मग खालच्या अटी सुद्धा.

वरची खोली झाडलीय. तुझ्या पलंगाखाली तुझी ती दगडांची खोकी अजून आहेत. हलवायला गेले आणि कंबर धरली. येताना जाड कपडे आण, इथं अजून गारठा आहे. दाराची कडी बिघडलीय, जोरात ढकल.

बाबा रोज सकाळी दाढी करून घेतात. मी म्हटलं, "अहो, अजून अवकाश आहे त्याला." तर म्हणाले, "गाल सवयीचा राहिला पाहिजे." दिवसभर तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवत असतात. काय ते विचारलं तर सांगत नाहीत. सांगितलं तरी मी तुला लिहिणार नाही.

पोचल्यावर थेट कोअरच्या पेट्या बघायला शेडकडे जाऊ नकोस. आधी घरी ये.

खडी


१४ एप्रिल, दुपार

दादा,

तू वर झोपलायस, बूट न काढता, भर दुपारी. आणि मी खाली स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून तुला पत्र लिहितेय. दहा पायऱ्या चढून सांगता येईल ते मी लिहिते आहे, म्हणजे मीही तुमच्याच घराण्यातली ठरले.

तू आज सकाळी आलास. बाबा परवा गेले. तू तेव्हा दोन विमानांच्या मधे कुठंतरी खुर्चीत बसला होतास, असं वहिनी म्हणाली. तिनं तुला कळवलं, मला ते धैर्य झालं नाही. सगळं आटोपलं. भोंगा होता, डॉक्टरीणबाई होत्या, खाणीतले जुने सगळे होते. इस्त्री आला होता. त्याच्या शर्टाची घडी मोडली होती, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

दारात तू मला धरलंस आणि म्हणालास, "मला त्यांची शीर बघायचीय." मी म्हटलं, "आधी झोप." झोपलास. आता उठलास की तू शेडकडे निघशील, पेट्यांमधे ती शीर शोधशील. म्हणून हे पत्र आताच लिहायला हवं.

शीर लागली नाही, दादा.

मातीच्या पलीकडे करडा दगड आहे. सुरुवातीला करडा, मधे करडा, शेवटी करडा. गारगोटीचा धागासुद्धा नाही. ठरलेली खोली संपली तेव्हा भोंग्यानं मशीन बंद केलं आणि माझ्याजवळ येऊन बोलला, आणि त्याचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. फार हळू आहे. म्हणाला, "ताई, अजून थोडं जाऊ या. कुणी विचारलं तर मशीन अडकलं होतं म्हणू." गेलो. करडा. इस्त्री म्हणाला, "मॅडम, निगेटिव्ह रिझल्ट हाही एक रिझल्टच असतो." त्याला मी काय म्हणाले ते लिहीत नाही. नोकरी तशीही संपणारच आहे, खाण आता बंद होणार.

मी घरी न जाता शेडमध्ये गेले. मागच्या रांगेत दुसऱ्या मजल्याच्या जुन्या पेट्या आहेत, आपण शाळेत होतो तेव्हाच्या बोअरच्या. त्यातला सगळ्यात देखणा तुकडा उचलला, पांढरीशुभ्र गारगोटी आणि तिच्यात मोरपीस. त्याच्यावरचा रंगाचा आकडा घासून काढला. घरी नेऊन बाबांच्या हातात दिला. "लागली," म्हटलं.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. अंगठा फिरवला, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाले, "छान आहे. थोरल्याला कळव."

मी तुला कळवलं. तुम्हा दोघांनाही एकाच तुकड्यानं फसवलं आणि त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

मग तुझा फोन. मी तो त्यांच्या कानाशी धरला होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. तू म्हणालास, "बाबा, मी चुकलो." मग म्हणालास, "तुम्ही बरोबर होतात. मी भरल्या सभेत तसं बोलायला नको होतं." तुला हे म्हणायला किती जड गेलं असेल ते मला कळतं. मला तर तुझ्या 'हं'चाच अनुभव. बाबांनी ऐकलं. डोळे मिटलेले होते. म्हणाले, "तिकीट काढलंस?" तू म्हणालास, "काढतो." ते म्हणाले, "काढ." बस.

फोन ठेवला, तसा त्यांनी उशाखालून तो तुकडा काढून माझ्यापुढं धरला. म्हणाले, "खडे, आपलं नवं मशीन एवढं जाड कोअर कधीपासून काढायला लागलं?"

दादा, मी खनिज बघितलं. झाक बघितली. गारगोटीचा पोत बघितला. आकडा पुसला. जुनं मशीन मनगटाएवढं जाड कोअर काढायचं आणि नवं काढतं अंगठ्याएवढं, ही गोष्ट खाणीतला झाडूवाला सुद्धा सांगेल. ती माझ्या डोक्यातच आली नाही. त्यांच्या मुठीला ती पहिल्याच क्षणी कळली होती, आणि तरी ते 'छान आहे' म्हणाले होते.

म्हणाले, "जागेवर ठेवून ये. पेटीत भोक राहिलं तर पुढचा माणूस समजेल, तिथं दगडच नव्हता. तिथं होता. चांगला होता."

मी रडले, हे तू खरं धरू नकोस, पण रडले. म्हटलं, "मग फोनवर का नाही बोललात? तो बिचारा माफी मागत होता!"

"तो येतोय ना?"

"हो, पण खोट्यावर."

"खरं सांगितलं असतं तर..." इथं ते थांबले. श्वास घेतला. "...ईमेल आला असता."

आणि हसले. सिलिंडरच्या नळीतून ते हसणं शिट्टीसारखं वाजलं. मग म्हणाले, "तो आला की मी सांगेन. मी. तू नाही. तू खोचक बोलतेस."

तेव्हापासून ते तयारी करत होते. दाढी करून, तोंडातल्या तोंडात. अखेर एका सकाळी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "ऐक. कसं वाटतं सांग." आणि बोलले. जसं होतं तसं लिहिते, यात माझं काही नाही:

"बाळा, शीर मातीच्या आधीच बारीक होत आली होती, हे मलाही दिसत होतं. रोज दिसत होतं. मला ते म्हणवत नव्हतं, कारण म्हटलं की खाण बंद. तू उभा राहिलास आणि एका मिनिटात म्हणालास. तेव्हा मला आधी अभिमान वाटला. वाटलं, बघा, हा माझा मुलगा, माझ्यापेक्षा चांगलं वाचतो. आणि मग राग आला. राग सांगितला. अभिमान सांगायचा राहिला."

बोलून होईपर्यंत तीनदा नळी नीट करावी लागली. मी म्हटलं, "लांब आहे. दम पुरायचा नाही." (खोचक नव्हतं ते, दादा. मला दुसरं काही सुचलं नाही.)

"छोटं करतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी छोटं केलं. 'रोज दिसत होतं' गेलं, 'एका मिनिटात' गेलं. त्याच्या पुढच्या दिवशी शीर आणि खाण दोन्ही गेली, 'बाळा, तू बरोबर होतास'पासूनच सुरुवात. मग एवढंच उरलं: 'आधी अभिमान वाटला, मग राग.' ते त्यांना एका श्वासात जमायचं. जमलं की माझ्याकडे बघायचे, तू पाढा पाठ झाल्यावर आईकडे बघायचास तसं. मी मान हलवायचे. तेवढं वाक्य त्यांनी तुझ्यासाठी धरून ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई बोलू नका म्हणायच्या, तर खूण करायचे की सराव आहे.

परवा सकाळी दाढी झाल्यावर त्यांनी ओठ हलवले. 'आधी' एवढंच आलं. पुढचं मला पाठ होतं, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

तर ते तुला मिळायला हवं होतं त्यांच्या तोंडून, आणि मिळतंय माझ्याकडून, तेही कागदावर. तू बरोबर होतास. त्या दिवशीही होतास आणि फोनवर चुकलो म्हणालास तेव्हाही होतास. बाबांनी तुझी माफी ऐकून घेतली, कारण तिच्या मागोमाग तू येणार होतास. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. मी इथं आहे, हाताशी आहे.

एक काम उरलंय. बोअरची नोंद अजून मी लिहिलेली नाही. मातीपर्यंतची लिहिली, तिथं पेन थांबलं. इस्त्री रोज विचारतो, मी रोज उद्या म्हणते. कुणीतरी ते लिहून खाली सही करायला हवी, की भ्रंशाच्या पलीकडे शीर नाही. मला ते एकटीला लिहवत नाही. बाबांच्या पलंगाकडे पाठ करून बसले तरी लिहवत नाही.

झोप झाली की खाली ये. शेडमध्ये जाऊ. तू पेट्यांवर वाकून एकेक तुकडा बघ, अगदी सावकाश, आणि काय दिसतंय ते मोठ्यानं सांग. या वेळी सभा नाही, फक्त मी आहे. तू सांग, मी लिहून घेते.

खडी